अंगाईतला कुकर

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक आजी आणि तिची शाळकरी नात बसली होती.

"आजी, उद्या लोकगीतांच्या स्पर्धेत तुझी अंगाई नाही चालणार. आणि मला तर तीच गायचीय!"

"का नाही चालणार?"

"बाई म्हणतात, लोकगीत जुनंच असतं, बदलायचं नसतं. तुझ्या अंगाईत कुकरची शिट्टी आहे."

"माझी आई तिथे चूल म्हणायची. तिच्या आधीचं कुणाला ठाऊक!"

"मग खरं गाणं कुठलं?"

"ज्यानं पोर झोपतं, ते."

"मग मी मायक्रोवेव्ह घालू?"

"खुशाल घाल. सांग बाईंना, आजीनं सांगितलंय."

नात बराच वेळ पुटपुटत राहिली.

"आजी, मायक्रोवेव्ह चालीत बसतच नाही गं!"

"बसेल हळूहळू. कुकर बसेपर्यंत तुझी आई शाळेत जायला लागली होती."