बिनपंपाची वीज

— बसा साहेब, त्या पेटीवरच बसा, चौकशीला येणाऱ्यांसाठी इथं खुर्च्या मांडलेल्या नसतात. आणि मी ओरडत नाहीये — सव्वीस वर्षं पंपाशेजारी काढली की माणूस असाच बोलतो. हं, काय विचारत होतात? निनावी पत्र. आता मला काय माहीत कुणी लिहिलं! मी पंपवाला. खाली तीन किलोमीटरवर तापलेला खडक, त्यात पाणी ढकलायचं, तापलेलं पाणी वर आणायचं, त्यावर वीज — एवढं मला कळतं. पाणी! माणसाला समजेल अशी वस्तू. आता म्हणे पाणी नको, कार्बन डायऑक्साइड सोडा. सोड्याच्या बाटलीतले बुडबुडे हो! ज्याची ढेकर यायची, त्यावर ह्यांची वीज! का, तर पाण्यात खडकातले क्षार विरघळतात, नळ्या तुंबतात. अहो, तुंबतात तर मी खरवडतो ना! सव्वीस वर्षं काय माश्या मारल्या?

आणि ही अक्कल कुणाची — तर आमच्याच कन्येची. हो, तुमच्या कागदावर प्रकल्पप्रमुख म्हणून जी आहे, ती माझी मुलगी. इथं बसून पाढे म्हणायची, ती आता मला शिकवते — "बाबा, तापला की हा वायू हलका होऊन आपोआप वर येतो, गार झाला की जड होऊन आपोआप खाली जातो. पंप लागला तर फक्त सुरुवातीला." आपोआप! घरात साधी कपबशी आपोआप विसळली जात नाही, आणि हे निघालेत पाताळातून आपोआप वीज काढायला!

बरं, पत्रात चुकीचं काय आहे? 'हा वायू जड, सखल जागी साचतो, गळला तर खालची वस्ती झोपेतच संपेल' — खोटं आहे? दुसऱ्या पानावर तर स्पष्टच — काय? ते पान तुम्ही वाचून दाखवलंच नाहीत? मग... कँटीनमध्ये बोलतात लोक. असे बघू नका माझ्याकडे.

चाचणीच्या दिवशी सगळ्यांदेखत मला म्हणाली, "बाबा, आता पंप बंद करा." केला. म्हटलं, आता दाबाचा काटा पडेल, आणि त्याच्याबरोबर हिचं शहाणपणही. काटा हलला नाही. दहा मिनिटं, अर्धा तास, तीन तास — तिकडं टर्बाइन फिरतंय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि इकडं माझा पंप गप्प. ह्या खोलीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, साहेब. पंपाला फडकं मारत बसलो, दुसरं करणार काय? त्याच आठवड्यात पत्र लिहिलं — कुणीतरी लिहिलं, म्हणतोय मी.

गळती? हॅट्! एक जोड गळताना दाखवा. सगळे मी स्वतः आवळलेत, साबणाचा फेस लावून तपासलेत. लिहून घ्या — तक्रारीत तथ्य नाही. मग पत्र कशासाठी? ते मला का विचारता? त्या पत्रापायी चार महिने काम बंद आहे, पोरगी घरात खिडकीशी बसून असते. परवा जेवताना मीच म्हटलं, कोण नालायक असेल गं हा, शोधून काढायला हवा. तर मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या ना, बाबा. असेल कुणीतरी म्हातारा. घाबरला असेल." आणि माझ्या ताटात आधी वाढलं.

— उठा. झाली तुमची चौकशी. उठा म्हणतो ना! जाताना दार ओढून घ्या.