माझाच बडग्या

…बॅग तयारच आहे तिची, पण तू बस नं मुग्धा, चहा ठेवतो—काहून उभी राहून राहिली? मोनालीनं सांगतलं असन, बाबासंग बोलू नको, बॅग उचल अन् ये. सांगतलं नं? मले माहीत आहे, माझीच पोट्टी आहे ते. तुझ्या त्या नंदनवन कॉलनीतल्या खोलीवर जेवते तरी का बराबर? वांगं नको देऊ तिले, तोंडाले खाज सुटते.

मी काही तुमच्या डॉल्फिन वाचवायच्या कामाच्या विरोधात नव्हतो, हे तिले सांगजो. पहिल्यांदा हासलो, हे खरं—नागपुरात कुठचे आले डॉल्फिन, सक्करदऱ्याच्या तलावात आहेत का, असं म्हणलो. मंग तिनं मोबाइलवर दाखवलं—नदीतून ओढून काढलेला, अंगावर घाव, अन् लोक बाजूले उभे राहून पाहून राहिले—त्या दिवशी जेवण गेलं नाही मले. तेलासाठी मारतात म्हणे. तं मीच म्हणलो, शिकार बंद करा म्हणून कागद वाटता, ते कोण वाचते? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत आणा तुमचा डॉल्फिन, सारं नागपूर रस्त्यावर राहते, मी बनवून देतो. बांबू, तनस, कागद—आजवर मी मिरवणुकीतले पुतळे, बडगेच बनवले, कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, पब्लिकनं शिव्या द्याव्या अन् शेवटी जाळून टाकावं असे भेसूर. पण याचे डोळे मोनालीनं रंगवले. भल्ली खुश होती. बाबा, हा हासून राहिला, म्हणे.

अन् झालं काय—मिरवणुकीत जो पुतळा येते तो पीडा, मारबतीनं आपल्यासंग गावाबाहेर न्यायची, लहानपणापासून हेच पाहतात सारे. तुमचा फलक त्या ढोलात कोण वाचते? एकानं आरोळी दिली, ‘डॉल्फिनले घेऊन जा गे मारबत’—झालं, सारी गल्ली तेच ओरडायले लागली. तुम्ही पोट्ट्या हात जोडून सांगून राहिल्या, याले वाचवायचं आहे हो, अन् लोक हासून राहिले, अन् शेवटी पेटवून दिला. मी काय करणार होतो? चूक जाळणाऱ्यायची. विचारायचं तं होतं कोणाले.

विचारलं होतं, तसं. म्हणजे—पेटवायच्या आधी एक जण आला माझ्यापाशी, नत्थूभाऊ, हा बडग्या तुमचाच नं? अन् मी—मोनाली बाजूलेच उभी होती—मी छाती फुगवून म्हणलो, हो, माझाच बडग्या. मले वाटलं, कौतुक करून राहिला. मी जे बनवतो त्याले बडग्याच म्हणतो वं, दुसरा शब्दच नाही माझ्यापाशी. तिनं ऐकलं ते, अन् त्या दिवशीपासून घरी आली नाही. तिले वाटते मी जाणून केलं, पहिल्या दिवशी हासलो होतो नं.

तिकडे नको पाहू, त्या चादरीखाली काही नाही. … बरं, आहे. दुसरा बनवला. डोळे राहिले, ते माझ्यानं होत नाहीत. तिले सांग—बडग्या नको म्हणू, डॉल्फिन म्हण.

राहू दे चहा तं. हे धर बॅग, घेऊन जा— नाही, तसं नाही म्हणलो मी. मिरवणुकीत ज्याले ‘घेऊन जा’ म्हणतात ते वापस येत नाही. नुसती ने तू. जा आता.