मी फक्त 'दार लावा' म्हटलं

...आणि आता टी-शर्टवर छापलंय त्यांनी! काळा टी-शर्ट, त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'दार लावा!', आणि खाली माझ्या आवाजाची ती नागमोडी रेघ, ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर उमटते ना, तशी. काल बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे एक दाढीवाला उभा आणि त्याच्या पाठीवर माझा आवाज. मी अशी दचकले की हातातला गरम, चीज भरलेला बुरेक थेट फरशीवर. तो मागे वळून म्हणतो, "सावकाश ताई, भूत पाहिलंत की काय?" आता काय सांगू याला? भूत कसलं, मी स्वतःलाच पाहिलं तुझ्या पाठीवर... तुम्हाला सांगते, मी फक्त 'दार लावा' म्हटलं होतं हो!

आता मी दचकते, हे मान्य. दाराची घंटा वाजली की दचकते, टोस्टरमधून पाव उडाला की दचकते, मीच मागवलेलं पार्सल आलं तरी दचकते. विद्यापीठात तोंडी परीक्षेला सरांनी पुकारलं, "दुन्या कोण?" तर मी म्हणाले, मी नाही! पण रॉकच्या मैफलीत? अख्खं नोवी साद शहर एका हॉलमध्ये कोंबलेलं, गिटार कानाचे पडदे फाडतेय, ड्रम पोटात शिरून आतडी हलवतोय, आणि मी मात्र इतकी निवांत, जशी बाकीची माणसं दुपारच्या झोपेत असतात. का? कारण तिथे पुढचं सगळं मला पाठ असतं! घंटा काय सांगून वाजते? ड्रम सांगून वाजतो. उभ्या जगात मला न घाबरवणारी जागा एकच, आणि ती भोंग्यापासून चार हातांवर.

हा वारसा बाबांचा. आमचे बाबा मिरोल्युब, जन्मभर ट्रॅक्टरच्या कारखान्यात राबले, पण विचारा त्यांना कधी काय केलंत, तर म्हणतील, 'लोखंडी चिमण्या' ऐकल्या. बँडचं नाव हो. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून गाताहेत ते, आणि बाबा कोटाच्या आत टेपरेकॉर्डर लपवून त्यांच्या मैफलींना जायचे. घरात कॅसेटींनी भरलेलं अख्खं कपाट आहे, आणि प्रत्येक कॅसेटवर गाणं मागे आणि बाबांचा खोकला पुढे. बाबा त्याला अस्सल ध्वनी म्हणतात. मी लहानपणापासून ती गाणी खोकल्यासकटच पाठ केली, त्यामुळे पहिल्यांदा खरी मैफल ऐकली तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं... अरे, इथे खोकला असतो ना?

आता मुख्य गाणं. सगळ्यांना ठाऊक असलेलं. बाई सोडून गेलीय आणि हा वाट पाहतोय, आणि शेवटी गायक वुकान, तो आपल्या फाटक्या, धुरकट आवाजात म्हणतो, 'तुझ्यासाठी दार उघडंच ठेवलंय...' आणि सगळं थांबतं. गिटार थांबते, ड्रम थांबतो. चार ठोके नुसती शांतता. आणि मग एकदम सगळं कोसळतं अंगावर. ती शांतता, तुम्हाला सांगते, त्या शांततेसाठी मी जगते. एवढ्या गर्दीत कुणीच मला दचकवणार नाही अशी ती एक जागा... आणि ती मी आयुष्यात एकदाही धड ऐकलेली नाही! बाबांच्या कॅसेटवर नेमकं तिथे शेजारचा कुणी सूर्यफुलाच्या बिया फोडतोय. कट्... कट्. मैफलींत तिथे कुणीतरी शिट्टी मारतो, कुणीतरी प्रेयसीला लग्नाचं विचारतो.

म्हणून जेव्हा जाहीर झालं की चिमण्या क्रीडागृहात वाजवणार आणि त्याचं थेट ध्वनिमुद्रण होऊन रेकॉर्ड निघणार, आणि वुकाननं हात जोडून सांगितलं की त्या जागी कृपा करून गप्प बसा, तेव्हा मी रडले. खरंच. म्हटलं, आता ती शांतता रेकॉर्डवर येणार, घरी येणार, हवी तेव्हा लावता येणार.

बाबांना नेमका ताप, म्हणून मी एकटी निघाले. थंडी मरणाची. आईच्या सूचना दारापर्यंत सुरू. बनियन आत खोच, केस ओले नाहीत ना, सिमेंटवर बसू नकोस, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे प्रोमायात उभी राहू नकोस. प्रोमाया! समोरासमोरची दारं उघडी राहून मधून जो वारा सुटतो ना, तो. आमच्याकडे माणसं युद्धातून वाचतात, पण प्रोमायातून वाचत नाहीत. तोंड वाकडं होतं, मान धरते, मूत्रपिंडं गारठतात. मामाचा एक मित्र दोन खिडक्यांच्या मधे बसून सिगारेट ओढत होता, पुढच्या आठवड्यात गेला. वाऱ्यानं गेला. सिगारेटीचं कुणी नावही काढत नाही.

तर हॉल खच्चून भरलेला, गाणं आलं, वुकान म्हणाला, 'तुझ्यासाठी दार उघडंच ठेवलंय...' आणि शांतता. पहिला ठोका. माझे डोळे मिटलेले. आणि मागचं दार उघडलं कुणीतरी, बाहेर जाऊन ओढायची तल्लफ आली असणार मेल्याला, आणि समोरचं आधीच उघडं होतं, आणि बर्फासारखा वारा माझ्या उघड्या मानेवर... मी ओरडले असं नाही हो. माझ्यातून आई ओरडली. आजी ओरडली. सात पिढ्या ओरडल्या. "दार लावा!"

आणि धडाड्‌धूम... गाणं सुरू.

रेकॉर्ड आली. बाबांनी सगळ्यांना बसवलं, नेहमीचा नियम, रेकॉर्ड सुरू असताना श्वाससुद्धा नाकाने. ती जागा आली. आणि माझा आवाज, लख्ख, इतका लख्ख की बाबांच्या खोकल्याला लाज वाटावी. बाबांनी सुई उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा ऐकलं. मी खुर्चीत गोठलेली. मग म्हणाले, "कोण ही बाई? हिच्या घरी कुणी काही शिकवलं नाही का?" आणि आई विणता विणता म्हणाली, "शिकवलंय की. चांगलंच शिकवलंय." मी मुकाट्याने उठून भांडी घासायला गेले. भांडी आधीच घासलेली होती.

मला वाटलं संपलं. कुठलं! वर्तमानपत्रात आलं, या मुद्रणाचा प्राण म्हणजे ती अनाम स्त्री. टीव्हीवर एक प्राध्यापक आले, चष्मा कपाळावर चढवून सांगू लागले, "पुरुष म्हणतो दार उघडं आहे, आणि स्त्री म्हणते लावा. या तीन अक्षरांत... चार अक्षरांत एका पिढीनं वाट पाहायला नकार दिलेला आहे." कसला नकार हो? मान धरली होती माझी! मग एका पक्षानं सांगितलं, दार लावा म्हणजे परक्यांसाठी लावा. दुसऱ्यानं सांगितलं, आधी या पहिल्यांना बाहेर काढा आणि मग लावा. क्रागुयेवाचच्या एका बाईंनी मुलाखतच दिली की ती स्त्री म्हणजे आपणच, नुकताच काडीमोड झाला होता आणि ती हाक हृदयातून आली. हृदयातून! माझी तर मानेतून आली होती. मी फक्त 'दार लावा' म्हटलं होतं हो!

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मैफली. आता ती जागा आली की अख्खा हॉल, हजारो माणसं, एका आवाजात, 'दार लावा!' आणि मी दचकते. माझ्याच वाक्याला! जगात एक जागा होती न दचकण्याची, तीही गेली.

शेवटी धीर केला. वुकान रेकॉर्डच्या दुकानात सह्या करायला बसला होता, मी रांगेत उभी राहिले, माझा नंबर आला आणि पुटपुटले, ती मीच. तो थकलेला म्हणाला, "सकाळपासून तूच चौथी, पोरी. बरं सांग, का ओरडलीस?" बाकीच्यांनी काय काय सांगितलं असेल, प्रेम, बंड, हृदय... मी म्हटलं, प्रोमाया होता. तो सही करता करता थांबला. इकडेतिकडे पाहिलं, चामड्याचं जाकीट जरा वर केलं, आणि काय दिसावं? आत लोकरीचा कंबरपट्टा! हळूच म्हणाला, "मलाही लागत होता वारा. पण मीच गातोय दार उघडं ठेवलंय म्हणून, मी कुठल्या तोंडानं म्हणणार?" मग म्हणाला, त्यालाही ती शांतता हवीय. म्हातारा झालोय, एकदा ऐकून मरू दे.

आणि त्यानं जमवलं हो. जुनं नाट्यगृह, खुर्च्यांवर बसलेले लोक, पुन्हा मुद्रण, आणि गाण्याआधी त्यानं स्वतः पुढे येऊन विनवलं, आज नको, आज फक्त शांतता. मी आणि बाबा शेजारी शेजारी. माझ्या गळ्यात आईचा मफलर, उकडलं म्हणून सोडून मांडीवर घेतलेला. नशीब बघा, उकडलं म्हणून.

'तुझ्यासाठी दार उघडंच ठेवलंय...'

आणि शांतता. खरी. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी बिया फोडल्या नाहीत. पहिला ठोका. दुसरा. माझ्या डोळ्यांत पाणी. अख्खं नाट्यगृह दातांवर दात धरून बसलेलं... आणि मागे कुठेतरी बिजागरी कुरकुरली आणि मानेवर गार वारा.

मी मफलर तोंडात कोंबला. शपथेवर सांगते, सबंध कोंबला. मान गेली तरी चालेल, तोंड वाकडं झालं तरी चालेल, पण आज आवाज नाही. डोळे फिरले माझे, आणि ते फिरलेले डोळे बाबांनी पाहिले. बाबांनी! सुई चालू असताना श्वास नाकाने घ्यायला लावणाऱ्या बाबांनी!

"अरे दार लावा कुणीतरी! पोरीला वारा लागतोय!"

धडाड्‌धूम.

पुढच्या रांगेतली एक बाई, तोच तो टी-शर्ट घातलेली, वळून बाबांना म्हणाली, "काका, असं नसतं ते. आधी मूळ रेकॉर्ड नीट ऐका." बाबांनी मफलर माझ्या गळ्यात गुंडाळला आणि घरी आणलं मला. आईनं आमच्या दोघांच्या मानेला राकिया, आमची घरची फळांची दारू, चोळून कापड बांधलं, तेव्हा बाबा छताकडे बघत म्हणाले, "तू निदान सुरात ओरडली होतीस."

म्हणजे वर्षभर ठाऊक होतं यांना!

आता नवी रेकॉर्ड निघतेय. प्राध्यापक टीव्हीवर परत आलेत, म्हणे स्त्रीच्या हाकेला अखेर पित्यानं उत्तर दिलं. नवा टी-शर्टही येतोय, 'पोरीला वारा लागतोय', बाबांनी स्वतःच्या मापाचा सांगून ठेवलाय. सगळं झालं हो. लेख झाले, मुलाखती झाल्या, दोन पक्षांची भांडणं झाली, अख्खा देश घसा फोडून ओरडतोय...

पण ते दार? ते अजून कुणी लावलेलं नाही.