दाजींचा फ्लेक्स

कुणाचा फोन भारी यावरून भांडणारे तुमी लई पाहिले असतील, पण आमच्या दाजींसारखे न्हाई. दाजी म्हंजी थोरल्या ताईचे मालक. त्यांनी महागडा फोन घेतल्यापासून मी माझ्या स्वस्तातल्या फोननं काढलेला कसलाबी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला की खाली त्यांचं ठरलेलं: "डबड्यातून काढलाय का? माणूस हाय का म्हैस, कळंना." वरून हसणारी तोंडं. मला उत्तर सुचायचं, पण आई म्हणायची, "गप बस. घरचे जावई हायेत."

मग दाजींचा वाढदिवस आला. केजच्या चौकात पोरांनी त्यांचा फ्लेक्स लावला. फेटा, गॉगल, मिशीला पीळ. फोटो दाजींनीच पसंत करून दिलेला. मी वर पाहिलं अन् गाडीवरच हसायला लागलो. ताईच्या वास्तुशांतीत तो फोटो मीच काढलता! माझा फोन प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आपल्या कंपनीचं नाव छापतो. मोबाइलवर ते बारीक दिसतं, फ्लेक्सवर हातभर झालतं.

तेवढ्यात दाजी आले. मी पाया पडलो अन् म्हणालो, "दाजी, फोटो लई भारी. कोणत्या फोनचा?"

"आपल्याच की! असा फोटो दुसऱ्या कशात येतो व्हय?"

मी कोपऱ्याकडं बोट दाखवलं. दाजींनी गॉगल काढला, वाचलं, अन् गॉगल परत घातला.

मी त्याच डबड्यातून फ्लेक्सचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर लिहिलं न्हाई. जावई हायेत शेवटी.

पहिला अंगठा आईचा आला.