फोटोत माणूस नको

सुरतेत प्लेग आला ना, त्याच्या आदल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट सांगतो. आमचे साठेसर आम्हा चार-पाच हौशी लोकांना निसर्गाचे फोटो शिकवायला सापुताऱ्याला घेऊन गेले. त्यांचा नियम एकच, फोटोत माणूस नको.

दिवसभर ढग होते. संध्याकाळी एकदम ऊन पडलं आणि समोरचा डोंगर सोन्यासारखा झाला. सरांनी धावत जाऊन स्टँड लावला, तर बरोब्बर पुढ्यात कठड्यावर एक सुरती कुटुंब खमण खात बसलेलं!

"काका, जरा बाजूला होता का? फोटो काढायचाय."

काका मनापासून गोंधळले. "पण अमे खसी जईए, तो फोटामां रहे शुं?"

म्हणजे, आम्ही सरकलो तर फोटोत उरतं काय! सरांनी हात जोडले, तेव्हा काका म्हणाले, आधी आमचा काढा, मग उठतो. सरांनी नाइलाजानं काढला. ते उठले, तर मागे दुसरं कुटुंब केस विंचरून तयार, त्यांच्यामागे तिसरं. काका स्वतःच रांग लावायला उभे राहिले. सर आधी ओरडले, मग विनवण्या केल्या, शेवटी थकले.

रोल संपत आला तेव्हा सर एका भल्यामोठ्या कुटुंबाला सांगत होते, "अहो, जरा चिकटून उभे राहा, मधून डोंगर दिसतोय!"