हरभऱ्याची मिलावट

लोकांच्या घरी जाऊन थुंकी मागायची म्हणजे काय, ते मला विचारा. उज्जैनमधल्या जुन्या मराठी घराण्यांच्या डीएनएवर माझं काम चालू आहे ना, त्यासाठी शेजारच्या नानाकाकांकडे गेले होते. डॉक्टरांनी बेसनाची सेव बंद केल्यापासून काका रोज सकाळी फ्रीगंजच्या बाजारापर्यंत फिरायला जातात. नुकतेच परतले होते.

"बिलकुल घे," म्हणाले. "इतक्या पिढ्या माळव्यात काढल्या, पण आमचं खून एकदम प्योर. मिलावट म्हणून नाही."

"अर्ध्या तासात काही खाल्लं नाही ना?"

"छे. फक्त हवा."

काका ऐटीत नळीत थुंकले.

रिपोर्ट आल्यावर मी सांगायला गेले. "काका, नमुना परत द्यावा लागेल. त्यात मिलावट निघाली."

काकांचा चेहराच उतरला. "कोणाची?"

"हरभऱ्याची."

काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे आईकडून आलं असेल, की वडिलांकडून?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "दोन्हीकडून नाही. फ्रीगंजकडून."