मासे वरच्या मजल्यावर

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाईंनी मासिक डोळ्यांसमोर धरलं होतं, पण कान समोरच्या बाकावर होते. तिथे दोघी मैत्रिणी बोलत होत्या आणि एकीची सासू गालाला हात लावून शेजारी बसली होती.

"पूर आता दरवर्षी येणारच, मग रडत कशाला बसायचं? ह्यांनी शिट्टी वाजवली की आम्ही सामान वर चढवतो. आधी सोफा, मग फ्रिज, मग माशांची टाकी."

"अगं, मासे कधी बुडतात का?"

"गढूळ पाणी सोसत नाही गं त्यांना. फार नाजूक असतात."

"आणि सासूबाई?"

"त्या खालीच. गुडघे दुखतात ना, जिना झेपत नाही. पलंगाखाली विटा लावल्यात की चांगल्या!"

"आणि पाणी विटांच्या वर आलं तर?"

"मागच्या वर्षी आलं ना! लगेच एकेक वीट वाढवली. हवामानच बदललंय म्हटल्यावर माणसाने जुळवून घ्यायला नको?"

शिंपीणबाई पान उलटायचं विसरल्या.

सासूने गालावरचा हात काढला.

"दुखतोय तो दात, सूनबाई. गुडघ्यांचं दुखणं तुम्ही दोघांनी ठरवलंत."